संपणारा खेळ

मुलांच्या हातातील मोबाईलविषयी चार आईबाप बोलू लागले, की एक वाक्य हमखास कानी पडते : "आमच्या लहानपणी असले काही नव्हते." साठी ओलांडलेल्यांच्या तोंडी हे वाक्य खरे असते. परंतु ज्यांनी नुकतीच चाळिशी ओलांडली आहे आणि ज्यांची मुले आज शाळेत जातात, त्यांच्या तोंडी ते तितकेसे शोभत नाही. त्या पिढीच्या घरांत पडद्यावरचा खेळ शिरला होता. आम्हीही त्याच पिढीचे. तेव्हा या आठवड्यात त्या खेळाची हकिकत वाचकांपुढे ठेवावी, आणि तो खेळ व आजचा खेळ यांत भेद कोणता हे पाहावे, असे योजिले आहे. भेद आहे खरा. पण सर्वसाधारणपणे लोक समजतात त्या ठिकाणी तो नाही.

प्रथम त्या यंत्राचे कुळ पाहू. जपानातील क्योतो शहरी १८८९ साली एक पेढी निघाली. खेळण्याचे पत्ते बनवून विकणे हा तिचा धंदा. तिचे नाव निन्टेन्डो. पुढे या पेढीने खेळणी केली, विजेवर चालणारे खेळ केले, आणि १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे एक यंत्र बाजारात आणले. लोकांनी त्या लांब नावाचे 'फॅमिकॉम' केले. किंमत १४,८०० येन. त्याची रचना ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते अभियंते मासायुकी उएमुरा २०२१ साली निवर्तले. यंत्र म्हणजे एक लाल-पांढरी पेटी. ती घरच्या दूरदर्शन संचास जोडावयाची, वरच्या खाचेत खेळाची वडी बसवावयाची, आणि खेळावयाचे. दोन गड्यांसाठी दोन रिमोट असत आणि दोहोंच्या तारा पेटीतच कायमच्या जोडलेल्या असत. दुसरा गडी शेजारी बसणार हे यंत्र घडविणाऱ्याने गृहीतच धरले होते. नावात कुटुंब होते, तसे ते रचनेतही होते.

१९८५ पासून हे यंत्र निराळ्या रूपात व निराळ्या नावाने अमेरिकेत विकले जाऊ लागले. दोन्ही रूपे मिळून जगभर सहा कोटींहून अधिक यंत्रे खपली. या हिशेबात नकला धरलेल्या नाहीत, आणि आपल्या वाट्यास बहुतेक नकलाच आल्या. नव्वदीच्या दशकात आपल्या शहरांतील दुकानांत 'लिटल मास्टर', 'मीडिया', 'टर्मिनेटर' अशा नावांच्या पेट्या दिसू लागल्या. आतले काम जपानी यंत्राच्या धर्तीचे, वरचे नाव दुसरे. रशियात १९९२ पासून अशीच एक नक्कल 'डेंडी' या नावाने घरोघर गेली. त्यामुळे मॉस्कोतील मूल आणि खानापूर तालुक्यातील मूल, एकमेकांची भाषा न जाणता, एकाच बुटक्या मिशाळ माणसाला एकाच खड्ड्यावरून उडी मारावयास लावीत होते.

आमच्या घरी हे यंत्र १९९३ च्या उन्हाळ्यात आले. ते कोणी भेट दिले नव्हते. आम्ही पाच चुलत-आते भावंडे. आमच्या बाजूला मार्च-एप्रिलात काजूचा हंगाम असतो हे वाचकांस ठाऊक आहे. सकाळी लवकर उठून बागेत पडलेली बोंडे गोळा करावयाची, बिया पिळून वेगळ्या काढावयाच्या, त्या उन्हात वाळवावयाच्या आणि व्यापाऱ्याकडे तोलून द्यावयाच्या. बोंडाच्या रसाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत आणि बीच्या टरफलातील चिकाने बोटांची साले निघतात. अशा दोन उन्हाळ्यांची मजुरी आजीच्या बिस्किटांच्या डब्यात साठली होती. यंत्राची किंमत होती अकराशे रुपये. डब्यात निघाले आठशे चाळीस. उरलेले आजीने घातले. मात्र पैसे मोजून देताना तिने एकच प्रश्न विचारला, "बाबांनो, हे एकदा घेतले की पुन्हा पैसे मागणार नाही ना?"

"नाही गं आजी," आम्ही म्हणालो. "एकदा घेतले की झाले."

तो प्रश्न त्या वेळी आम्हांस म्हातारीचा भाबडेपणा वाटला. आज तो फार शहाणा प्रश्न वाटतो. त्याकडे आपण पुढे येऊच.

काकांबरोबर बसने बेळगावास गेलो. खडेबाजारात गर्दीतून वाट काढीत एका दुकानी पोहोचलो. दुकानदाराने खोके उघडले, आपल्या संचास पेटी जोडली आणि प्रत्येकाच्या हातात क्षणभर रिमोट दिला. पेटीबरोबर प्लास्टिकची एक बंदूक मिळाली आणि पिवळ्या रंगाची एक कॅसेट. खेळाच्या त्या वडीस आपल्याकडे सर्वत्र कॅसेटच म्हणत. कॅसेटवर छापले होते '९९९९ इन १', म्हणजे एका वडीत नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ. परतीच्या बसमध्ये आम्ही हिशेब मांडला. रोज एक खेळ म्हटले तरी सत्तावीस वर्षे पुरेल!

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आतेबहिणीने वही घेतली. ती आमच्यात वयाने मोठी व स्वभावाने हिशेबी. यादीतील एकेक खेळ लावावा, त्याचे वर्णन लिहावे, पुढे जावे, असा तिने क्रम धरला. पंचविसाव्या खेळाला पहिलाच खेळ पुन्हा आला; फक्त आरंभीची पायरी निराळी. पुढे सव्विसावा म्हणजे दुसरा, सत्ताविसावा म्हणजे तिसरा. शंभरापर्यंत जाऊन तिने वही मिटली आणि निकाल दिला : "चोवीस." आम्ही हिरमुसलो. काका मात्र खदखदून हसले. "पोरांनो, मोठा आकडा दिसला की वही घ्यावी, हे तुम्हांला बाराव्या वर्षी कळले. कित्येकांना साठाव्या वर्षी कळते." त्यानंतर आमच्या घरात कोणी फुशारकीची गोष्ट सांगू लागला, की दुसरा हळूच म्हणे, "वही आणू का?"

पण चोवीस खेळ म्हणजे काही थोडे नव्हेत. आणि त्यांतला एक तर असा होता की त्याच्यासाठी उरलेले तेवीस गेले असते तरी चालले असते. तो 'सुपर मारिओ'. सप्टेंबर १९८५ मध्ये तो जपानात निघाला. त्याचा कर्ता शिगेरू मियामोतो. मारिओचे रूप कसे ठरले याची कथा मियामोतो यांनी अनेकदा सांगितली आहे. १९८१ सालच्या एका खेळासाठी हे पात्र प्रथम काढले, तेव्हा चित्रासाठी मोजके ठिपकेच हाताशी होते. त्यांत केस नीट काढता येईनात, म्हणून डोक्यावर टोपी आली. नाक उठून दिसावे म्हणून मिशी आली. हातांची हालचाल अंगाहून वेगळी कळावी म्हणून तसा पोशाख आला. जगातील मुलांच्या ओळखीचा हा चेहरा अडचणींतूनच घडला आहे.

संपूर्ण 'सुपर मारिओ' चाळीस किलोबाइटांत बसविला होता. आज मोबाईलवर काढलेल्या साध्या एका छायाचित्रास याच्या कितीतरी पट जागा लागते. एवढ्याशा जागेत आठ प्रदेश, प्रत्येकाच्या चार पायऱ्या, म्हणजे बत्तीस पायऱ्या, शिवाय संगीत, शत्रू, किल्ले असे सारे मावविणे म्हणजे गरिबाच्या घरी लग्न उरकण्यासारखे होते. मग कर्त्यांनी काटकसर केली. आकाशातील ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचे चित्र एकच ठेवले. पांढरे रंगविले की ढग, हिरवे रंगविले की झुडूप. रंगीत संचावर खेळणाऱ्या लाखो मुलांच्या हे ध्यानात आले नाही. आमच्या काकांचा संच चौदा इंची कृष्णधवल होता. त्यावर हिरवेही राखाडी आणि आभाळही राखाडी. त्यामुळे आमच्या सर्वांत धाकट्या चुलत भावाने पहिल्याच आठवड्यात विचारले, "ढग खाली का पडलाय?" आम्ही त्याला हसलो, पण बरोबर त्याचेच होते.

कोजी कोंडो यांनी रचलेली त्या खेळाची चाल तर आमच्या गावात इतकी रुजली, की न्हाणीघरातून, गोठ्यातून, सायकलीवरून ती शिट्टीने ऐकू येई. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत २०२३ साली या चालीचा समावेश केला. व्हिडिओ गेमच्या संगीतास तेथे मिळालेले ते पहिले स्थान.

बंदुकीचा खेळ बदकांच्या शिकारीचा. पडद्यावर बदक उडे, आपण नेम धरून चाप ओढावा, आणि बदक पडे. बंदुकीतून काय निघते, हा आम्हां मुलांपुढे मोठा प्रश्न होता. आजी तर बंदूक रोखली की पडद्यासमोरून वाकून जाई. वस्तुतः त्या बंदुकीतून काहीच निघत नसे. ती मारणारी नव्हे, पाहणारी होती. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक लहानसा डोळा बसविलेला असे. चाप ओढताच निमिषभर सारा पडदा काळा होई आणि बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटे. नळीतील डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला, न दिसल्यास चुकला. हे सारे इतक्या झपाट्याने होई की आपल्याला केवळ एक लुकलुक जाणवावी. जुन्या काचेच्या नळीच्या संचावरच ही युक्ती चाले. आजच्या चपट्या संचावर चित्र उमटण्यास किंचित उशीर होतो, आणि तेवढ्याने ती बंदूक आंधळी होते.

कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडात फुंकर मारावयाची, ही रीत तर जगभरच्या मुलांनी, कोणी कोणाला न शिकविता, एकाच काळात शोधून काढली. फुंकर मारून पुन्हा बसविली की कॅसेट चाले, म्हणून सर्वांचा तिच्यावर विश्वास. वास्तविक गुण फुंकरीचा नव्हता. कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने आतील धातूच्या पट्ट्या नीट टेकत, म्हणून ती चाले. फुंकरीतील ओलसरपणाने उलट पट्ट्या गंजण्याचा धोका असे. म्हणून फुंकू नका असा सल्ला कंपनीच देत असे. तो सल्ला आमच्या गावापर्यंत आला नाही. आणि आला असता तरी कोणी ऐकला असता, असे वाटत नाही.

आता या हकिकतीतील मुख्य गोष्टीकडे वळू. पाळी कोणाची, हा त्या उन्हाळ्यातील सर्वांत मोठा प्रश्न होता. मारिओला तीन जीव असत. तीन वेळा मेला की रिमोट दुसऱ्याकडे. त्यामुळे घरात दिवसभर ऐकू येई, "मेलास का रे?" "अजून एकदा मरायचाय!" आजी कपाळाला हात लावी. खेळात मागचे काही जपून ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली की सातव्या प्रदेशापर्यंत पोहोचलेला गडी पुन्हा पहिल्या पायरीवर. आणि उन्हाळ्यात वीज तर जाईच. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी काका हात पुढे करीत. मग मारिओ जिवंत असो वा मेलेला, तार काढावी लागे.

शेजारच्या घरात आमच्याच वयाचा एक मुलगा होता. त्याचे वडील नोकरीसाठी दूर, घरी आई आणि दोन म्हशी. तो दोन्ही उन्हाळे म्हशींमागे होता, म्हणून काजू वेचावयास आमच्याबरोबर आला नव्हता. यंत्र आल्यावर तो रोज दुपारी येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभा राही. एके दिवशी आतेबहिणीने त्याला रिमोट दिला, आणि आमच्यात भांडण जुंपले. ज्याने काम केले नाही त्याला पाळी कशाची, असे तिघांचे म्हणणे. तर्क बिनचूक होता, म्हणूनच भांडण मिटेना. शेवटी काका बाहेर आले.

"यंत्र तुमचे ना?"

"हो, काका."

"कबूल. आता ऐका. संच माझा. वीज माझी. चहा तुमच्या काकूचा. आम्ही काही तुमच्याकडे हिशेब मागितला? माझ्या ओसरीवर बसायचे तर पाळी सगळ्यांची. नाही पटत, तर यंत्र घेऊन झाडाखाली बसा."

झाडाखाली वीज नव्हती. भांडण मिटले.

पुढे घडले ते सांगण्याजोगे आहे. त्या चोवीस खेळांत रणगाड्यांचा एक होता. मूळ नाव 'बॅटल सिटी', नामको या जपानी कंपनीने १९८५ साली काढलेला. पडद्याच्या तळाशी मध्यभागी विटांच्या कुंपणात गरुडाचे एक ठाणे असते. शत्रूचे रणगाडे वरून येतात. दोन गडी मिळून लढतात. आपले जीव कितीही शिल्लक असोत, ठाणे पडले की खेळ संपला. आणि मौज अशी की घाईत सुटलेल्या आपल्याच गोळीनेही ते पडू शकते. आम्ही सारे शूर, शत्रूमागे धावणारे. ठाणे उघडे पडे आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर डाव आटोपे. म्हशी राखणारा तो मुलगा खेळावयास बसला तो ठाण्याजवळून हललाच नाही. जोडीदार वर धावे, हा खाली राखण करी. त्या दोघांचा डाव बाविसाव्या पायरीपर्यंत गेला. त्या दिवसापासून रणगाड्यांच्या खेळात आपला जोडीदार तो असावा म्हणून आमच्यातच चढाओढ सुरू झाली. तीन दिवसांपूर्वी ज्याला पाळी द्यावयाची नव्हती, त्याच्यासाठी!

येथवर वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे जुने ते सोने, हेच ना तुमचे म्हणणे?" तसे नाही. जुन्या काळच्या पडद्यावरच्या खेळातही लोभ होताच. शहरात तेव्हा नाणे टाकून खेळण्याची पार्लरे होती. तेथील यंत्रे मुद्दाम अशी रचलेली, की नवख्या गड्याने दोन-तीन मिनिटांत मरावे आणि पुन्हा खिशात हात घालावा. अशा एका पार्लरात आमच्या ओळखीच्या मुलाच्या शाळेच्या फीचे पैसे एका दुपारी संपले होते. त्या काळच्या वडीलधाऱ्यांना पार्लराची धास्ती वाटे, ती रास्तच होती.

लोभाची याहून मोठी कथा अमेरिकेत घडली. अटारी कंपनीने १९८२ च्या नाताळाच्या बाजारासाठी एका गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ अवघ्या पाचेक आठवड्यांत उरकून घेतला. चित्रपटाच्या नावावर मुले तो घेतील असा अंदाज. मुलांनी घेतला आणि ती निराश झाली. त्या सुमारास अनेक कंपन्यांनी असाच कच्चा माल बाजारात ओतला, आणि १९८३ साली तेथील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. अटारीने न खपलेल्या मालाचे ट्रक न्यू मेक्सिकोमधील अलामोगोर्डो गावच्या कचऱ्याच्या खड्ड्यात रिते केले. बरीच वर्षे लोकांस ही दंतकथा वाटे. एप्रिल २०१४ मध्ये तो खड्डा उकरला, तेव्हा कॅसेटी खरोखरच निघाल्या.

तात्पर्य, लोभ जुनाच. निराळे आहे ते घरातल्या त्या पेटीचे एक लक्षण. आजीने अचूक विचारले ते हेच : "एकदा घेतले की पुन्हा पैसे मागणार नाही ना?" आमच्या यंत्राने पुन्हा पैसे मागितले नाहीत. दहा-वीस रुपये देऊन दुकानात कॅसेट बदलून मिळे. पण ती गोष्ट आपण ठरवून, बसने जाऊन, घासाघीस करून करावयाची. विक्री झाली की विकणारा आपल्या घरातून निघून जाई. आपण तासभर खेळलो काय, की वर्षभर पेटी माळ्यावर ठेवली काय, त्याचे काही बिघडत नसे. म्हणून खेळाला शेवट ठेवणे त्यास परवडे. मारिओची बत्तिसावी पायरी पार झाली, राजकन्या सुटली, की खेळ संपला. आमच्यापैकी प्रथम हे साधले आतेबहिणीला. सर्वांनी टाळ्या वाजविल्या आणि आम्ही विहिरीवर पोहायला गेलो.

आज मोबाईलवरचे पुष्कळसे खेळ फुकट मिळतात. घेताना दमडी लागत नाही, म्हणून आईबाप निर्धास्त असतात. परंतु जो फुकट देतो त्याची विक्री अजून व्हावयाची असते. ती पुढे, मुलाच्या हातात खेळ असतानाच, थोडी थोडी होते. कधी पोशाख, कधी हत्यार, कधी काय निघेल ते न सांगणारी बंद पेटी, कधी जाहिरात. विकणारा घरातून जातच नाही. अशा खेळाला शेवट ठेवणे म्हणजे दुकानाला कुलूप लावणे होय. म्हणून बत्तिसावी पायरी येत नाही; रोज नवी बक्षिसे येतात, आणि आज न आलास तर कालचे गेले अशी धमकीही येते. मूल उठत नाही ते त्याच्या हट्टीपणानेच, असे समजू नये. त्याने उठू नये म्हणून शहाणी माणसे पगार घेऊन विचार करीत असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या व्यसनास स्थान दिले असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आहे. मात्र मूल खेळते म्हणजे ते आजारी, असा त्याचा अर्थ नव्हे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींच्या आधी खेळ येणे, नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर चालणे, अशी त्याची लक्षणे सांगितली आहेत. ती दिसल्यास ओरडण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, हेही चांगले झाले. परंतु फुकट म्हणून घरात आलेल्या खेळाची राखण कायदा करणार नाही. ठाण्याजवळ कोणीतरी घरचेच उभे राहावे लागते.

ती राखण कशी करावी? मुलाच्या हातातून मोबाईल हिसकावल्याने काय होते, ते बहुतेक घरांनी अनुभवले आहे. आमच्या मते कोणताही खेळ घरात घेण्यापूर्वी, आतेबहिणीप्रमाणे वही घेऊन, मुलाला शेजारी बसवून तीन प्रश्न विचारावेत. पहिला आजीचा : हा पुन्हा पैसे मागेल काय, आणि कशासाठी? दुसरा : हा संपतो काय? संपत नसेल, तर त्याचा शेवट आपण ठरवावा. इतके डाव, की बास. 'अर्धा तास' म्हणण्यापेक्षा 'तीन डाव' म्हणावे. डाव अर्ध्यावर तोडल्याचे दुःख मुलांस फार होते, आणि ते खोटे नसते. तिसरा काकांचा : याच्यात दुसऱ्याची पाळी आहे काय? ज्या खेळात शेजारी कोणी बसू शकतो, चुकल्यास हसू शकतो, "आता मला दे" म्हणू शकतो, तो खेळ सहसा घर मोडीत नाही. आईबापांनीही एखादी पाळी घ्यावी. आपण हरलेले मुलांना फार आवडते. आणि हरता हरता तो खेळ काय मागतो आहे, हेही आपल्या ध्यानात येते.

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारिओ'ची एक जुनी कॅसेट वीस लाख डॉलरांना विकली गेली. तिचे मोल एवढे का? तर तिचे वेष्टन कधीच फोडले नव्हते. ती कोणी खेळले नव्हते. तिच्यासाठी कोणी भांडले नव्हते. बाजाराच्या दृष्टीने तीच सर्वांत मौल्यवान ठरली, यावर वाचकांनी विचार करावा. आमच्या पेटीचा अडाप्टर तिसऱ्या पावसाळ्यात जळाला आणि रिमोटवरची अक्षरे त्याआधीच झिजून गेली होती. तिला आज कोणी पाच रुपयेही देणार नाही. पण त्या ओसरीवर जे सहा जण बसत, ते आज चार गावांना पांगलेले असूनही एकमेकांच्या अडीअडचणीला धावतात. म्हशी राखणारा तो मुलगा आज बेळगावात विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करतो, आणि आतेबहिणीच्या मुलाने कोणत्याही वस्तूची बढाई मारली, की तीही अजून विचारते, "वही आणू का?"